मुलासाठी ‘सर्वसमावेशक’ म्हणवणारा खेळाचा क्लास निवडताना नेमकं काय बघायचं?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलतो थोडं, समजतं बरंच. पाणी दिसलं की भान राहत नाही, उंचावर चढायला आवडतं आणि धोका कळत नाही. शिट्टी किंवा एकदम झालेला गलका सहन होत नाही, कान झाकून खाली बसतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) नियमित चालू आहे. आमच्या थेरपिस्टचं म्हणणं, आता याला चार मुलांत खेळू दे.

तीन पर्याय आहेत. एक मोठा क्लब, दारावर ‘इन्क्लुझिव्ह स्पोर्ट्स’ असा बोर्ड, फी इतरांच्या दीडपट, कारण सोबत असिस्टंट देतात. दुसरं घराजवळचं मैदान. तिथे मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स आणि पळापळीचे खेळ असतात. सर म्हणाले, ‘पाठवा, बघू.’ प्रशिक्षण वगैरे काही नाही, संध्याकाळी तीसेक मुलं असतात. तिसरी एका विशेष शाळेतली संध्याकाळची बॅच. सगळी विशेष मुलं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय पोहणं शिकवायचंच आहे, ते वेगळं.

काय बघून ठरवू? आणि आधीच किती सांगू? मागे एका ठिकाणी फोनवर सगळं खरं सांगितलं तर लगेच ‘बॅच फुल आहे.’ तासाभराने नवऱ्याने निदानाचं नाव न काढता फोन केला, तर जागा होती.

ओटीवाली

मृण्मयी, मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बोर्डावर जाऊ नका, तो कुणीही लावू शकतो. ट्रायलच्या दिवशीही फारसं काही कळत नाही, त्या दिवशी सगळे गोड असतात. कुठल्यातरी आडवारी, न सांगता, कट्ट्यावर बसून एक पूर्ण बॅच बघा.

घड्याळ लावून बघायची गोष्ट एकच. पाऊण तासात एक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हलतंय? आपल्याकडच्या बऱ्याच क्लासात मुलं रांगेत उभी असतात, पाळी आली की अर्धा मिनिट उडी, पुन्हा रांग. तुमच्या मुलाचा सगळा त्रास त्या रांगेत होणार आहे, खेळात नाही. मग घरी येऊन सांगतील, ‘तो ऐकत नाही.’

दुसरं, सूचना कशी देतात? ‘आधी तिकडे जा, मग कोनला वळसा, मग बॉल उचलून इकडे ये, समजलं का सगळ्यांना?’ हे चालणार नाही. करून दाखवतात का, एका वेळी एकच सांगतात का, वॉर्मअपचा क्रम रोज तोच असतो का? हे चांगल्या कोचला कुठल्याही कोर्सशिवाय जमतं आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावलेल्याला कधीकधी जमत नाही.

कोचला एक प्रश्न नक्की विचारा, ‘मूल मध्येच पळून गेलं तर तुम्ही काय करता?’ ज्याने असं मूल सांभाळलंय तो लगेच सांगेल, गेट कोण बघतं, कोण मागे जातं, बाकीच्यांना कोण थांबवतं. ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं उत्तर आलं तर उठा.

पोहण्याबद्दल स्वतंत्र लिहिते, तो विषय गंभीर आहे.

मुद्देसूद

कटू वाटेल, पण लिहितो. एक कोच, तीस मुलं. त्यातल्या एकाकडे त्याने दहा मिनिटं जास्त दिली की एकोणतीस मुलांची दहा मिनिटं गेली. त्यांच्या आईवडिलांनीही फी भरलेली असते. विशेष मुलांसाठी प्रशिक्षित माणसं असलेली वेगळी बॅच हाच व्यवहार्य मार्ग आहे. सर्वसमावेशक हा शब्द परिसंवादात छान वाटतो.

गोदाकाठ

मुद्देसूद, तीस मुलांना एकच कोच असेल तर तो क्लास तीसही मुलांसाठी वाईटच. त्याचं खापर आमच्या पोरांवर कशाला?

मृण्मयीताई, माझी मुलगी बारा वर्षांची, डाऊन सिंड्रोम. आमचं नाशिकला बरंच फिरून झालंय. तुमच्या मुलाला हे लागू नाही, पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यामुळे कोलांटउडी, सूर मारणं, फुटबॉलमध्ये हेडर, असलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मान दुखणं, चालण्यात बदल, हातापायातली ताकद कमी होणं, शी-शूवरचा ताबा अचानक जाणं, यातलं काही दिसलं तर खेळ त्याच दिवशी बंद आणि थेट डॉक्टर. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तो आधी. आम्हाला एका जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी यातलं काहीही न विचारता पहिल्याच दिवशी कोलांटी मारायला लावली होती. बायको ओरडली म्हणून थांबले.

आता मुलगी स्पेशल ऑलिम्पिक्सच्या सरावाला जाते. पॅरालिम्पिक वेगळं, हे वेगळं, लोक नेहमी गल्लत करतात. स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी, १९६८ साली शिकागोत सुरू झालं, भारतात स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था बघते. स्पर्धा आठव्या वर्षापासून पुढे. त्याहून लहानांसाठी यंग अॅथलीट्स नावाचा खेळकर कार्यक्रम असतो. आधी चाचणी घेऊन साधारण सारख्या कुवतीचे खेळाडू एका गटात टाकतात, म्हणजे शर्यत खरी होते. आणि त्यांचा ‘युनिफाइड’ प्रकार आहे, त्यात एकाच संघात अशी मुलं आणि इतर मुलं दोन्ही असतात. मुद्देसूद, परिसंवाद नाही हो, बास्केटबॉल खेळतात.

तिरकेचाक

मी चाळिशीचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर वापरतो. या धाग्यावर आतापर्यंत फक्त पालक आणि तज्ज्ञ बोललेत, म्हणून रोमातून बाहेर आलो.

शाळेत पीटीच्या तासाला माझं काम ठरलेलं होतं. पोरांची घड्याळं, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणे. क्रिकेट असलं की स्कोअरर. सर प्रेमळ होते, सगळे म्हणायचे याला किती छान सामावून घेतलंय. दहा वर्षं मी त्या मैदानावर होतो आणि एकदाही खेळलो नाही. लोक मला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण द्यायचे. १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण, आणि माणूस आपल्या पेठ इस्लामपूरचा. आदर आहेच. पण ते युद्धात गोळ्या लागण्याआधीच सैन्यातले पट्टीचे बॉक्सर होते. मला फक्त डबा ऐसपैस खेळायचा होता.

त्यामुळे क्लास बघायला जाल तेव्हा अशा मुलाच्या हातात काय आहे ते बघा. चेंडू आहे की बाटल्या?

आता उलटी बाजू. मुद्देसूद यांचा सूर आवडला नाही, पण वेगळ्या बॅचला मी नाक मुरडणार नाही. मी पहिल्यांदा खरा खेळ खेळलो तो विशीत, बोचिया, म्हणजे बसून चेंडू नेमक्या जागी टाकायचा खेळ, सगळे माझ्यासारखेच. तिथे हरलो की लोक हसायचे आणि पुन्हा खेळ म्हणायचे. कुणी ‘छान प्रयत्न’ म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत. कोचने माझ्याकडून अपेक्षा ठेवली, हे आधी कुठल्याच मिसळलेल्या मैदानावर झालं नव्हतं. दोन्ही हवं, आणि कुठे काय मिळतंय ते ओळखता यायला हवं.

ओटीवाली

तिरकेचाक, ‘चेंडू आहे की बाटल्या’ हे मी आमच्या सेंटरमधल्या पालकांना सांगणार आहे. परवानगी गृहीत धरते.

आता पोहणं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती घरातून, शाळेतून निसटतात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते सांगायला नको. या मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं हे फार मोठं कारण आहे. म्हणून पोहणं शिकवाच. पण क्रम बदला. फ्रीस्टाइलचे हात नंतर, आधी पाण्यात पडल्यावर पाठीवर तरंगणं, वळून काठ पकडणं, काठावरून वर येणं. आणि ‘सांगितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही’ हा नियम रोज त्याच शब्दांत, त्याच जागी उभं राहून.

बॅचमध्ये कोच एका मुलाला हात दाखवत असताना बाकीच्यांवर नजर कुणाची असते, हे विचारा. काठावर फोन घेऊन बसलेला जीवरक्षक धरू नका. तुमच्या मुलासोबत पाण्यात एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, सुरुवातीला तरी. फिट येणाऱ्या मुलांना तर कायमच, ते कितीही छान पोहोत. ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे त्यांचा बाहेरचा प्रोसेसर पाण्यात उतरताना सहसा काढावा लागतो, म्हणजे पाण्यात त्यांना ऐकू येत नाही. त्या कोचशी हाताच्या खुणा आधीच ठरवायच्या.

शक्यतो उघडा तलाव घ्या. बंद तलावात आवाज घुमतो, तुमच्या मुलाला तो नकोसा होईल. दुपारी बॅच रिकाम्या असतात, ऊन सोसत असेल तर.

बॅकफूट

डोंबिवलीत बॅडमिंटन शिकवतो, लहान मुलांच्या बॅच घेतो. कोचच्या बाजूने दोन शब्द.

किती सांगायचं? सगळं सांगा, पण निदानाचं नाव सगळ्यात शेवटी. ‘ऑटिझम’ म्हटल्यावर मला काहीच कळत नाही, आणि घाबरणारा कोच लगेच ‘बॅच फुल’ म्हणतो. त्याऐवजी एक पान लिहून द्या. शिट्टीने त्रास होतो. शू लागली की असं करतो. चिडला की हात लावू नका, पाच मिनिटं सोडा. हे शब्द समजतात. फिट येते का, औषध कुठलं, फोन कुणाला. असं पान आणणाऱ्या पालकांच्या मुलासोबत माझं पहिल्या आठवड्यात जमतं. लपवून पाठवतात त्यांचं जमायला महिने जातात, आणि मध्येच काही झालं तर धोका मुलालाच.

शिट्टीचं म्हणाल तर मी वाजवणंच बंद केलं, हात वर करतो. सगळी बॅच आता हाताकडे बघते, आणि खरं सांगू का, आधीपेक्षा जास्त लक्ष देते.

मुद्देसूद म्हणतात ती दहा मिनिटं तेव्हाच जातात, जेव्हा एका मुलासाठी वेगळा खेळ काढावा लागतो. म्हणून खेळच असा मांडायचा की त्यात चार पातळ्या आधीच असतील. इंग्लंडमधल्या प्रशिक्षणात एक साधी पद्धत शिकवतात. जागा, काम, साहित्य, माणसं, या चारपैकी एक काहीतरी बदला. कोर्ट अर्धं करा. शटलऐवजी फुगा द्या, तो हळू येतो. छोट्या दांड्याची रॅकेट द्या. नेट खाली घ्या किंवा काढूनच टाका. जोडीला शांत मूल द्या. फुगा सगळ्यांनाच आवडतो, तेव्हा ‘त्याला वेगळं दिलं’ असंही होत नाही.

पण तीसच्या बॅचमध्ये एकटा कोच हे करू शकत नाही. मी सहा-सात मुलांत घेतो, त्यावर हात जोडतो. त्यामुळे मैदानाच्या सरांना विचारा, कुठली बॅच लहान असते? सकाळी लवकरची बहुतेक ठिकाणी रिकामी असते.

दीडपट फीचं म्हणाल, तर असिस्टंट खरंच फक्त तुमच्या मुलासोबत असेल तर वाजवी आहे. पण ती व्यक्ती कोण, किती दिवस टिकलेली, आणि ती न आल्यास त्या दिवशी काय, हे विचारून मगच पैसे भरा.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत फुटबॉलसाठी ‘टॉपसॉकर’ असतो. प्रत्येक मुलाला एक ‘बडी’, म्हणजे शाळेतला मोठा मुलगा किंवा मुलगी, खेळात सोबत धावणारी. खेळणारी मुलं सगळी विशेष गरजांची, म्हणजे काटेकोर पाहिलं तर वेगळीच बॅच. पण माझ्या भाच्याचे जे दोन मित्र झाले ते बडी म्हणून आलेलेच. समावेशन मागच्या दाराने आलं म्हणा. तुमच्या विशेष शाळेच्या बॅचमध्ये भावंडांना किंवा सोसायटीतल्या मुलांना येऊ देतात का, विचारून बघा.

चाफेकळी

माझ्या लेकीच्या कराटे बॅचमध्ये असा एक मुलगा आहे. बाजू दुसरी आहे म्हणून लिहिते. सुरुवातीला त्याने हिला दोनदा जोरात ढकललं, खांद्यावर वळ उठला. मी भांडायला गेले होते. सरांनी माझ्यासमोर मुलांना गोळा केलं आणि सांगितलं, याला कुणी अचानक मागून आलं की भीती वाटते, समोरून या, नाव घ्या. बस. जमिनीवर सगळ्यांच्या उभं राहायच्या जागा खडूने आखल्या. त्यानंतर तसं झालं नाही. पण त्या सरांनी ‘अहो, तो तसाच आहे, समजून घ्या’ एवढंच म्हटलं असतं तर मी बॅच सोडली असती. दुसऱ्यांच्या मुलांना लागतं, हेही धरून चाला. त्याबद्दल बोलणारा कोच शोधा.

मुद्देसूद

चाफेकळी, हेच म्हणत होतो. नीट हाताळलं तर ठीक. पण अशी माणसं किती? बॅकफूट यांची सहा मुलांची बॅच परवडणारे पालक किती?

तिरकेचाक

परवडत नाही हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच शाळेचं मैदान सोडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, हे सरकार आणि पालिकांनी पाहायचं आहे. कलम ३० तर पूर्ण क्रीडाविषयकच आहे. खासगी क्लासशी भांडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा शाळेला अर्ज द्या, लेखी, पोच घेऊन. ‘पीटीच्या तासाला याला वर्गात बसवतात’ असं तोंडी सांगितलं तर मॅडम फक्त मान हलवतात.

गोदाकाठ

+१. सोबत यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडा. अवांतर: ज्यांनी काढला नसेल त्यांनी सरकारचा निरामय आरोग्य विमाही बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, १ लाखापर्यंत कवच, थेरपीचा खर्चही धरतात. तिथे वाचलेले पैसे मैदानावर घालता येतात.

दादरकर

मल्लखांबाबद्दल कुणी बोललंच नाही! शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. २०२४ साली पद्मश्री मिळाली त्यांना. बघून शिकता येत नाही तर हाताने पकड समजावायची, दोरी अंगावर कुठे फिरते ते स्पर्शाने. त्या मुलींची प्रात्यक्षिकं पाहिली आहेत, पोटात गोळा येतो. ज्या मुलांना घट्ट दाबाचा स्पर्श आवडतो त्यांना खांबाला विळखा घालणं आवडू शकतं. उंचावर चढायची हौस तर आहेच म्हणताय.

ओटीवाली

दादरकर, बरोबर. खांबाला घट्ट धरणं, स्वतःचं वजन पेलणं, या मुलांना बहुधा मानवतं. अडचण पुन्हा तीच, एका वेळी खांबावर एकच मूल. बाकीच्यांनी काय करायचं ते सरांनी ठरवलं असेल तरच. आणि खाली गादी किती जाड आहे ते स्वतः दाबून बघा. धोका न कळणारं मूल वर जाऊन हात सोडू शकतं.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे आभार. ओटीवाली म्हणाल्या तसं न सांगता जाऊन बसले.

क्लबमध्ये एक मुलगा होता, आमच्यासारखाच. बाकीची मुलं टर्फवर फुटबॉल खेळत होती. हा जाळीच्या पलीकडे, भिंतीवर बॉल मारत, सोबत असिस्टंट ताई. पूर्ण वेळ. एकदाही कोच त्याच्याकडे आला नाही, एकदाही तो आत गेला नाही. ताई बिचारी चांगली होती, तिला कुणी काही सांगितलेलंच नसावं. तिरकेचाक, हातात चेंडू होता हो. पण खेळ नव्हता.

मैदानावर सर सतत मोठ्याने ओरडतात, ते मला धडकीच भरवणारं. पण एक मुलगी रुसून बसली तेव्हा तिच्या शेजारी दोरीची उडी सुरू केली, दोन मिनिटांत ती उठून आली. लवकर सकाळच्या बॅचला सात मुलं असतात. एक पान लिहून नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मग हाक कशी मारू?’ सासूबाई म्हणाल्या, फी भरून टाक.

तर तिथे सुरू करतोय. मल्लखांब लगेच नाही, आधी जमिनीवरचे खेळ, गादी पाहिली, पातळ वाटली. विशेष शाळेची बॅच शनिवारी ठेवतोय, लांब आहे पण जर्सीकर म्हणतात तसं धाकटीला सोबत येऊ देणार आहेत. पोहण्याचं मात्र अडलंय. नवऱ्याची शिफ्ट असते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला मी बायकांच्या चेंजिंग रूममध्ये नेलं की तक्रार, पुरुषांकडे एकटा पाठवू शकत नाही. तिथला माणूस म्हणतो, ‘आम्ही बघतो ना.’ मला ते नकोय.

चाफेकळी

नका पाठवू, अजिबात. आमच्या इथे एका आईने पोहण्याचे कपडे घरूनच घालून आणायला सुरुवात केली, परत जाताना वरून टॉवेलचा झगा आणि थेट रिक्षा. शॉवर तलावाकाठी उघडा असतो तोच.

गोदाकाठ

काही तलावांवर अपंगांसाठीचं स्वतंत्र स्वच्छतागृह असतं, कुलूप लावून ठेवतात आणि आत बादल्या भरून ठेवतात. व्यवस्थापकाकडे किल्ली मागा. नसेल तर लेखी मागणी द्या. बाबा आणि मुलगी अशी उलटी जोडी असल्याने मला हा त्रास पाठ आहे.

मृण्मयी_कोथरूड

किल्लीचं डोक्यात आलंच नव्हतं, उद्या विचारते. आणखी एक, मैदानवाले तीन महिन्यांची फी एकदम मागतायत, सवलत देतात म्हणे.

बॅकफूट

सवलत सोडा, एक महिन्याचीच भरा. मूल रमायला वेळ लागतो तसा नाही रमणार हे कळायलाही लागतो, पैसे अडकले की आपण उगाच ओढत नेतो. आणि पावसाळ्यात बॅच कुठल्या हॉलमध्ये घेतात ते आत्ताच विचारून तो हॉल बघून या. पत्र्याची शेड असेल तर पावसाचा आवाज केवढा होतो ते तुम्हाला सांगायला नको.